समुद्राकडे पाठ

लाओसचा प्राकृतिक नकाशा समोर पसरला की नावं वाचायच्या आधी एक गोष्ट डोळ्यांत भरते, ती म्हणजे त्याचा कल. जवळजवळ सगळा देश एका अंगाला उतरलेला आहे. पूर्वेला व्हिएतनामच्या सीमेवर गडद तपकिरी पट्टा वायव्येकडून आग्नेयेकडे हजारेक किलोमीटर जातो, ती अनामाइट पर्वतरांग. पश्चिमेला निळी मेकाँग, आधी वेडीवाकडी, मग जरा सावरून त्याच रोखाने दक्षिणेला निघालेली. माथा आणि नदी यांच्यामध्ये तपकिरीचा पिवळा आणि पिवळ्याचा हिरवा होत जातो, आणि त्या उतारावरून शेकडो बारीक निळ्या रेघा जवळपास एकाच दिशेला धावतात. उत्तरेला हा उतार फुगून रुंद होतो, मध्यावर त्याची कंबर दीडशे किलोमीटरांच्या आत येते, दक्षिणेला तो पुन्हा पसरतो. क्षेत्रफळ सुमारे २,३६,८०० चौरस किलोमीटर, आणि त्यातला सत्तर टक्क्यांच्या आसपास भाग डोंगर-पठारांचा. कवितेचं रसग्रहण करताना आधी तिची चाल पकडावी लागते, शब्दांकडे नंतर वळता येतं. या नकाशाची चाल उताराची आहे.

भूगोलाच्या पुस्तकांत लाओसची ओळख एका उणिवेने करून दिली जाते: आग्नेय आशियातला एकमेव भूवेष्टित देश. विधान खरं आहे, पण त्याने नकाशा वाचला जात नाही. देशाच्या कमरेपाशी, जिथे व्हिएतनाम, पूर्वीच्या क्वांग बिन्ह प्रांतात, अगदी चिंचोळा होतो, तिथे सरहद्दीपासून समुद्र पन्नास किलोमीटरांच्या आत आहे. पुण्याहून कोकणचा किनारा जेवढा लांब, त्याच्या निम्मा. पण या माथ्याच्या पश्चिम अंगावर पडलेला पाऊस त्या जवळच्या समुद्राकडे जात नाही. तो से बांग फायसारख्या नदीतून मेकाँगला मिळतो, लाओसची उरलेली लांबी चालतो, कंबोडिया ओलांडतो आणि व्हिएतनामच्या दक्षिण टोकाच्या त्रिभुज प्रदेशातून अखेर त्याच दक्षिण चीन समुद्रात पोचतो. पन्नास किलोमीटरांवरच्या समुद्राला गाठायला हजार किलोमीटरांहून मोठा वळसा. मराठी वाचकाला हे परकं वाटायला नको. महाबळेश्वरला उगम पावणारी कृष्णा उशाशी असलेला अरबी समुद्र सोडून चौदाशे किलोमीटर पूर्वेला जाते. कृष्णेच्या वाट्याला निदान दुसरा समुद्र येतो. लाओसच्या पाण्याला फिरून तोच भेटतो.

लाओसच्या भूगोलातला सगळा रस मला इथे साठलेला दिसतो. देश समुद्राकडे पाठ करून बसला आहे, आणि समुद्र काही त्याला सोडत नाही. पावसात, खडकात, मिठात आणि माशांत तो पुन्हा पुन्हा हजर होतो.

पावसाचंच घ्या. लाओस साधारण १४ ते साडेबावीस अंश उत्तर अक्षांशांत येतो, म्हणजे महाराष्ट्र आणि गोवा ज्या पट्ट्यात आहेत त्याच पट्ट्यात. लुआंग प्रबांग आणि नाशिक जवळपास एकाच अक्षांशावर. राजधानी व्हिएन्तिआनच्या रेषेत आपलं महाबळेश्वर येतं. दक्षिणेकडचं पाक्से दक्षिण गोव्याच्या रेषेत. पाऊसही आपल्यासारखाच नैर्ऋत्य मोसमी, मे ते ऑक्टोबर. सह्याद्रीवर आपण पाहतो की घाटमाथ्याच्या पश्चिमेला पावसाची झोड आणि पूर्वेला माणदेशासारखी कोरड. अनामाइटचा हिशेब निराळा आहे. तिथे दोन्ही बाजूंना पाऊस मिळतो, पण पाळीपाळीने. जून-जुलैत नैर्ऋत्येचा वारा लाओसच्या उतारावर चढताना भिजवून जातो आणि माथा ओलांडून व्हिएतनामच्या किनाऱ्यावर उतरतो तेव्हा तो कोरडा, तापलेला असतो. तिथले लोक त्याला ‘लाओसचा वारा’ म्हणूनच ओळखतात आणि त्याला वैतागतात. मग सप्टेंबरनंतर वारे फिरतात. ईशान्येकडून समुद्रावरून येणारा पाऊस व्हिएतनामच्या किनाऱ्यावर कोसळू लागतो, आणि लाओसमध्ये भात कापणीला येऊन आभाळ मोकळं होतं. एकच डोंगर दोन देशांना एकाच ऋतूत उलट अनुभव देतो. देशाच्या आतही पाऊस सारखा नाही. दक्षिणेच्या बोलावेन पठारावर वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरांच्या वर पाऊस पडतो, तर चहूबाजूंनी डोंगरांत बसलेल्या लुआंग प्रबांगच्या खोऱ्यात त्याच्या निम्माही नाही.

आता नदी. मेकाँग लाओसला अठराशे किलोमीटरांहून अधिक अंतर सोबत करते, कधी देशाच्या आतून तर कधी सीमेवरून. उत्तरेत तिचा प्रवाह फार अवघडलेला आहे. म्यानमारच्या सीमेवरून दक्षिणेला येते, थायलंडच्या कडेला हुआय शायपाशी पूर्वेला वळते, लुआंग प्रबांगपर्यंत डोंगरांच्या फटीतून जाते, तिथे काटकोनात दक्षिणेला फिरते आणि व्हिएन्तिआनच्या वरच्या अंगाला पुन्हा पूर्वेला. डोंगरांच्या सोंडा जिथे वाट देतील तिथून ती निघालेली आहे. ही वळणं नकाशावर बोटाने गिरवताना उत्तर लाओसचा सगळा खडबडीतपणा बोटाला कळतो. रेल्वेने तो निराळ्या रीतीने सिद्ध केला. चीनच्या सीमेवरच्या बोतेनपासून व्हिएन्तिआनपर्यंतचा लोहमार्ग डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झाला. सुमारे ४१४ किलोमीटरांत ७५ बोगदे, आणि मार्गाचा निम्म्याच्या आसपास भाग जमिनीखाली. प्रवाशाला उत्तर लाओस दिसतो तो दोन अंधारांच्या मधल्या काही क्षणांत: एक हिरवी दरी, एक मातकट नदी, उतारावर जाळून साफ केलेला शेताचा तुकडा, की पुन्हा बोगदा.

लुआंग प्रबांगपाशी नाम खान नावाची छोटी नदी मेकाँगला मिळते आणि दोघींच्या मधल्या जिभेवर जुनं राजधानीचं शहर वसलं आहे. इथे पाण्याचा चढउतार माणसांनी आपल्या दिवसांत कसा बसवून घेतला आहे ते जवळून दिसतं. पाऊस सरला, पाणी ओसरलं की नाम खानवर बांबूचा पूल बांधला जातो. खांब बांबूचे, वरची चालायची चटई बांबूच्या कामट्यांची, बांधायला लोखंड जवळपास नाहीच. पावलागणिक तो थोडा दबतो आणि करकरतो. पार करायला थोडे पैसे द्यावे लागतात, ते बांधणाऱ्या कुटुंबाचे. पावसाळ्याच्या तोंडाला नदी फुगू लागली की तो सोडवून घ्यायचा, आणि राहिला तर नदी घेऊन जाते. त्याच कोरड्या महिन्यांत उघड्या पडलेल्या काठांवर गाळाचे वाफे होतात: शेंगदाणा, वालाच्या शेंगा, पालेभाज्या. नदीतल्या धोंड्यांवर वाढणारं हिरवं शेवाळ बायका पाण्यात उभ्या राहून वेचतात, धुऊन-बडवून चटयांवर पातळ थापतात, वर तीळ आणि टोमॅटोच्या चकत्या पसरून उन्हात वाळवतात. त्याला काइपेन म्हणतात. तळलं की पापडासारखं कुरकुरतं. कोकणात समुद्राच्या ओहोटीवर जेवणाचं वेळापत्रक ठरतं. लाओसची ओहोटी वर्षातून एकदा येते आणि सहा महिने टिकते. व्हिएन्तिआनला पाण्याच्या पातळीत भर पावसाळा आणि भर उन्हाळा यांत दहाएक मीटरांचं अंतर पडतं. मार्चमध्ये तिथल्या नदीकाठच्या रस्त्यावर उभं राहिलं तर पाणी कुठेतरी लांब, थायलंडच्या काठाला लागलेलं, आणि मध्ये नुसती वाळू.

या नदीला सीमा करून टाकणं हे भूगोलाच्या विरुद्ध झालेलं काम आहे, असं माझं मत आहे. १८९३ मध्ये फ्रान्सने सयामकडून मेकाँगचा डावा काठ घेतला आणि पाण्यातून रेघ ओढली. पुढे १९०४ मध्ये उजव्या काठावरचे सायाबुली आणि चंपासकचे तुकडे मिळाले, म्हणून आजच्या नकाशात लाओस दोन ठिकाणी नदी ओलांडून पलीकडे गेलेला दिसतो. पण नदीच्या खोऱ्यात राहणारे लोक दोन्ही काठांवर तेच होते. आज लाओ भाषा बोलणारे लोक लाओसपेक्षा थायलंडच्या ईसान भागात जास्त आहेत. डोंगराचा माथा सीमा होऊ शकतो, कारण पाणीच तिथे दुभंगतं. नदीकडे तर दोन्ही बाजूंचं पाणी धावत येतं. तिथे रेघ मारली तेव्हा एक खोरं मधोमध चिरलं गेलं.

उतार हा फक्त पाण्याचा नसतो. लाओसमध्ये माणसांची ओळखही बराच काळ उंचीवरून सांगितली गेली. खालच्या खोऱ्यात भातखाचरं करणारे ते लाओ लूम, मधल्या उतारावरचे लाओ थेउंग, आणि माथ्याजवळ राहणारे, पुष्कळसे उशिरा चीनकडून आलेले हमोंग वगैरे लोक लाओ सूंग. एक हजार किपच्या नोटेवर या तिघांच्या तीन बायका आपापल्या पोशाखात शेजारी उभ्या आहेत. नोट हातात घेतली की तिन्ही बायका एकाच पातळीवर दिसतात. प्रत्यक्षात त्यांच्यात हजार-हजार मीटरांची चढण असायची. सरकारी यादीत आता पन्नास जमाती आहेत आणि उंचीवरची ही वर्गवारी अधिकृत राहिलेली नाही. ती ढोबळ होती हे खरंच, तरी जमिनीचं एक निरीक्षण तिच्यात होतं. दर काही शे मीटरांवर पीक बदलतं, भाताचा वाण बदलतो, घराची बांधणी बदलते. खाली पाण्याचा भात आणि खांबांवर उचललेली घरं. वर डोंगरउतार जाळून, टोकदार काठीने भोकं पाडून त्यात टोबलेला कोरडवाहू भात, आणि हमोंग वस्त्यांत जमिनीला टेकलेली घरं. आपल्याकडे सह्याद्रीच्या वरकस जमिनीवर नाचणी-वरीसाठी राब करतात. तिथल्या आणि इथल्या शेतकऱ्याला त्या राखेचा उपयोग सारखाच ठाऊक असणार.

उत्तरेकडच्या डोंगरांत एक जागा अचानक मोकळी होते, ती शिएंग ख्वांगचं पठार. समुद्रसपाटीपासून सुमारे अकराशे मीटर, गवताळ टेकड्या, पाइनची झाडं, हिवाळ्यात थंडी हाडांत शिरणारी. त्याच्या दक्षिणेला देशातलं सर्वांत उंच शिखर फू बिआ, २,८१९ मीटर. या पठारावर दगडाचे प्रचंड रांजण उघड्यावर पडलेले आहेत. सगळे मिळून दोन हजारांहून अधिक, बहुतेक वालुकाश्मात कोरलेले, काही माणसाच्या उंचीचे. लोहयुगातले, दफनविधीशी निगडित, असं उत्खननातून दिसतं. फ्रेंच संशोधक मादलेन कोलानी हिने १९३० च्या दशकात इथे पहिलं मोठं काम केलं. २०१९ मध्ये ही ठिकाणं जागतिक वारसा यादीत गेली. त्या रांजणांच्या अवतीभवती जमिनीत गोल खड्डे आहेत, ते बॉम्बचे.

त्यालाही कारण भूगोलच. व्हिएतनाम युद्धात उत्तर आणि दक्षिण व्हिएतनाममधली समुद्राकडची वाट अडलेली होती, म्हणून उत्तरेच्या सैन्याची आणि रसदीची वाट अनामाइटच्या मु जिआसारख्या खिंडींतून पश्चिम उतारावर, लाओसच्या जंगलात उतरली. त्या उतारावर आणि शिएंग ख्वांगच्या पठारावर अमेरिकेने १९६४ ते १९७३ या काळात वीस लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले. क्लस्टर बॉम्बमधल्या सुमारे २७ कोटी लहान गोळ्यांपैकी तीस टक्क्यांपर्यंत फुटल्याच नाहीत. त्या अजून मातीत आहेत. नांगराचा फाळ किती खोल घालायचा, नवं खाचर कुठे पाडायचं, याचा निर्णय तिथला शेतकरी आजही त्यांना विचारून करतो. काही खड्ड्यांत पाणी साठवून लोकांनी मासे सोडले आहेत. कुठल्याही देशाच्या प्राकृतिक नकाशात हे दाखवायची पद्धत नाही. माझ्या मते लाओसच्या बाबतीत दाखवायला हवं, कारण जमिनीचा हा थरही आता जमिनीचाच आहे.

नकाशाचा सर्वांत सरस भाग मात्र मला मध्यावरचा वाटतो, त्या आवळलेल्या कमरेतला: खाम्मुआन प्रांतातला चुनखडीचा प्रदेश. इथे उतार नीट उतरत नाही. सपाट भातखाचरांतून एकदम उभे, काळे-करडे सुळके वर येतात, दोन-तीनशे मीटर, कड्यांवर झाडं चिकटलेली, आत सगळं पोखरलेलं. ही चुनखडी सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ, उबदार समुद्राच्या तळाशी साचली. प्रवाळ, शिंपले, सूक्ष्म जीवांचे सांगाडे यांचा हा दगड. ज्या देशाला किनारा नाही त्याच्या मधोमध एक आख्खा समुद्रतळ उभा केलेला आहे, आणि वर सांगितलेला मोसमी पाऊस त्याला दरवर्षी थोडा थोडा विरघळवतो आहे. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होतं, भेगांतून शिरतं, भेगा रुंद करतं. नदीला डोंगर आडवा आला की एरवी ती वळसा घालते. इथल्या नद्या डोंगराच्या आत शिरतात.

कोंग लोरची गुहा त्यातली सर्वांत सहज पाहता येणारी. नाम हिनबून नदी एका बाजूने डोंगरात शिरते आणि सात किलोमीटरांहून अधिक अंतर आतून वाहून दुसऱ्या बाजूने बाहेर पडते. अलीकडे कोंग लोर गाव, तंबाखूची शेतं. तिथून मागे छोटं इंजिन लावलेल्या अरुंद लाकडी होडीने आत जायचं. तोंडाशी हिरवट उजेड काही वेळ पाण्यावर राहतो, मग वळण येतं आणि नावाड्याच्या कपाळावरच्या दिव्याएवढंच जग उरतं. छत कुठे दिसतं, कुठे शंभरेक मीटर वर जाऊन दिव्याला हाती लागत नाही. इंजिनाचा आवाज भिंतींवरून परत येतो तेव्हा जागेचं माप कानाला कळतं. मध्येच पाणी उथळ होतं, तळ होडीला घासतो. सगळ्यांनी उतरून घोट्याएवढ्या पाण्यात होडी ओढायची, गोल गोटे पायाखाली. पलीकडे उजेडात बाहेर आलं की पुन्हा दरी, पुन्हा खाचरं, म्हशी. पलीकडच्या गावांना ही गुहा म्हणजे रस्ताच. त्याहून मोठा प्रकार व्हिएतनामच्या सीमेलगत हिन नाम नो अरण्यात आहे. तिथे से बांग फाय ही पुरती नदी सात किलोमीटरांच्या आसपास डोंगराखालून जाते, आणि जगातल्या सर्वांत मोठ्या वाहत्या नदी-गुहांत तिची गणना होते. २०२५ मध्ये हिन नाम नो शेजारच्या फोंग न्या-के बांगला जोडून जागतिक वारसा ठरलं. सीमेच्या दोन्ही बाजूंचा हा एकच चुनखडीचा पट्टा आहे, त्यामुळे हे जोडणं जमिनीला धरून झालं.

याच दगडाने आणखी एक गोष्ट जपून ठेवली होती. १९९६ मध्ये थाखेकच्या बाजारात, भाजीपाल्याबरोबर, खायला विकायला ठेवलेला एक प्राणी एका जीवशास्त्रज्ञाला दिसला. गडद करडा, झुपकेदार शेपटीचा, उंदीर आणि खार यांच्या मधला. लोक त्याला खा-न्यू म्हणत आणि भाजून खात. २००५ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झालं, आणि पुढच्याच वर्षी जीवाश्मांशी ताडून पाहिल्यावर कळलं की ज्या कुळातला तो आहे ते कुळ एक कोटी दहा लाख वर्षांपूर्वी नामशेष झालं असं मानलं जात होतं. तो फक्त चुनखडीच्या पडझडीत, मोठमोठ्या धोंड्यांच्या खबदाडीत राहतो. सपाट जागेवर फेंगडा, डुलत चालतो, पण दगडांत चपळ. मधल्या एवढ्या काळात आजूबाजूची हवामानं आणि जंगलं बदलली. या कपारींत त्याला राहता आलं. गावकऱ्यांना तो ठाऊक होता, एवढंच की तो किती जुना आहे हे कोणाला माहीत नव्हतं.

खडकानंतर मीठ. लाओसला मीठ बाहेरून आणावं लागत असेल असं कोणालाही वाटेल, पण व्हिएन्तिआनच्या मैदानाखाली आणि थेट सवान्नाखेतपर्यंत कोट्यवधी वर्षांपूर्वी आटलेल्या खाऱ्या पाण्याचे जाड थर पुरलेले आहेत. व्हिएन्तिआनच्या उत्तरेच्या काही गावांत विहिरीतून खारं पाणी वर घेतात, रुंद पत्र्याच्या कढयांत लाकडाच्या जाळावर आटवतात, आणि मीठ बांबूच्या टोपल्यांत निथळत ठेवतात. छपराखाली सगळीकडे वाफ, आणि काम करणाऱ्यांचे हात पांढरे. हे मीठ, नदीचे मासे आणि भाताचा कोंडा मातीच्या घड्यात महिनोन्महिने मुरवून पादेक होतं. लाओच्या स्वयंपाकात त्याच्याशिवाय पान हलत नाही. समुद्र नसलेल्या देशाची चव इतकी खारी असण्याचं कारण हे असं जमिनीखाली आहे.

आता उताराचा आधुनिक उपयोग. मेकाँगमध्ये वाहणाऱ्या पाण्यापैकी सुमारे ३५ टक्के लाओसच्या उपनद्यांतून येतं, आणि ते उंचावरून येतं. १९७१ मध्ये नाम न्गुमचा पहिला मोठा प्रकल्प झाला, आणि आता वीज हीच देशाची एक मोठी निर्यात आहे. २०१० मध्ये पूर्ण झालेला नाम थुन-२ हा प्रकल्प नकाशाच्या वाचनातूनच निघालेला दिसतो. नाम थुन नदी नाकाइच्या पठारावरून वाहते. पठाराच्या पायथ्याशी, साडेतीनशे मीटर खाली, से बांग फायचं खोरं. एका नदीचं पाणी अडवून कड्यावरून दुसऱ्या नदीत सोडलं, १,०७० मेगावॉट वीज मिळाली, आणि तिचा बहुतेक भाग थायलंडला गेला. कल्पना म्हणून ती सुंदर आहे. पण पठारावरची हजारो माणसं हलवावी लागली, आणि खालच्या नदीला न पेलणारं दुसरीचं पाणी वर्षभर वाहावं लागलं, त्याने तिचे काठ आणि मासेमारी दोन्ही बिघडलं. दक्षिणेला २३ जुलै २०१८ च्या रात्री से पिआन-से नाम्नॉय प्रकल्पाचा एक पूरक बांध भर पावसात फुटला. पाणी पठाराच्या कडेवरून आत्तापूच्या सखल गावांत कोसळलं, कित्येक माणसं गेली, हजारो बेघर झाली. ज्या उंचीची वीज होते तीच उंची त्या रात्री गावांवर आली. उतारावर राहणाऱ्या माणसांना पाण्याचा हिशेब चुकवून चालत नाही, आणि तो चुकवणारे बहुतेकदा खाली राहत नसतात.

तो बांध ज्या बोलावेन पठाराच्या कुशीत होता ते पठार मराठी माणसाला पाहताक्षणी ओळखीचं वाटेल. काळा बेसाल्ट, वर तांबडी माती, कडेला सरळ तुटलेले कडे आणि त्यांवरून पडणारे धबधबे. ताद फानचा जोडधबधबा तर शंभर मीटरांहून अधिक खोल घळीत उतरतो. फ्रेंचांच्या काळात इथे कॉफी आली आणि पाक्सोंगभोवती अजून तिचेच मळे आहेत. आपला दख्खनचा बेसाल्ट सहा-साडेसहा कोटी वर्षांचा म्हातारा. बोलावेनचा लाव्हा त्याच्या पुढे अगदी कोवळा, त्यातला काही तर काही लाख वर्षांच्या आतला. आणि त्याच्याखाली एक रहस्य दडलं असावं असा शास्त्रज्ञांच्या एका गटाचा निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे ७ लाख ९० हजार वर्षांपूर्वी एक मोठी उल्का पृथ्वीवर आदळली. त्या आघाताने वितळून उडालेल्या काचेचे काळे तुकडे आग्नेय आशियापासून ऑस्ट्रेलियापर्यंत सापडतात, पण खड्डा कुठेच सापडत नव्हता. या अभ्यासानुसार तो बोलावेनच्या लाव्ह्याखाली, तीनशेएक मीटर जाडीच्या थरांनी झाकलेला आहे. कॉफीच्या मळ्यांखाली दडलेल्या त्या दहा-पंधरा किलोमीटर रुंदीच्या खड्ड्याची कल्पना मला या नकाशातल्या कुठल्याही दृश्य गोष्टीइतकीच भुरळ घालते.

पठाराच्या पश्चिमेला, मेकाँगच्या उजव्या काठावर फू काओ नावाचा डोंगर आहे, चौदाशे मीटरांच्या आसपास उंच, आणि त्याच्या माथ्यावर नैसर्गिक खडकाचा एक उभा सुळका. तो पाहून प्राचीन काळच्या लोकांनी या डोंगराला लिंगपर्वत म्हटलं. पाचव्या शतकात देवानिक नावाच्या राजाने जवळच नदीकाठी संस्कृत शिलालेख कोरवला आणि इथे स्थापलेल्या तीर्थाला कुरुक्षेत्र असं नाव दिलं. पुढे डोंगराच्या पायथ्याशी वाट फूचं शिवमंदिर उभं राहिलं. त्याच्या मागे कड्यातून झरा येतो, आणि ते पाणी दगडी पन्हळीतून गाभाऱ्यात शिवलिंगावर सोडलेलं होतं. आपल्याकडच्या अभिषेकपात्राचं काम तिथे डोंगर स्वतः करत होता. वरून खालपर्यंत सगळी रचना एकाच अक्षावर आहे: सुळका, झरा, गाभारा, पायऱ्या, जलाशय, आणि पूर्वेला मेकाँग. या देशाचा उतार कोणी सर्वांत आधी आणि सर्वांत नेमका वाचला असेल तर त्या मंदिराच्या स्थपतींनी. फ्रेंच नकाशे फार नंतरचे.

तिथून दक्षिणेला मेकाँग आपला आकारच सोडून देते. सी फान दोनच्या बेटांत ती पावसाळ्यात चौदा किलोमीटरांपर्यंत पसरते आणि मग खोनपाशी खडकाच्या पायरीवरून असंख्य प्रवाहांत खाली उतरते. उंची फार नाही, वीसेक मीटर. पण रुंदी दहा किलोमीटरांहून अधिक, जगातला सर्वांत रुंद धबधबा म्हणतात तो हाच. १८६६ मध्ये दुदार द लाग्रे आणि फ्रान्सिस गार्निए यांची मोहीम सायगोनहून समुद्राची वाट थेट चीनपर्यंत नेता येते का हे पाहायला निघाली होती. खोनने त्या स्वप्नाला अडवलं. तरी १८९३ मध्ये फ्रेंचांनी खोनच्या बेटावर रूळ टाकले आणि आगबोटी सुट्या करून गाडीवरून धबधब्याच्या वर चढवल्या. खालून येणाऱ्या होड्यांना मात्र नदी कधीच उघडली नाही.

माशांना ती उघडी आहे. पांगासियस क्रेम्फी नावाचा एक मासा त्रिभुज प्रदेशालगतच्या खाऱ्या पाण्यात वाढतो आणि पावसाच्या सुरुवातीला सातशेहून अधिक किलोमीटर उलट पोहून खोनपर्यंत येतो, धबधब्याची पायरी चढतो आणि लाओसच्या गोड्या पाण्यात अंडी घालायला जातो. त्याच्या शरीरातली रसायनं तपासून संशोधकांनी हे नक्की केलं. खोनच्या अनेक फाट्यांपैकी हौ सहोंग हा असा एक फाटा होता जिथून कोरड्या दिवसांतही मासे चढू शकत, कारण तिथे उभा कडा नाही, नुसता उतार आहे. काठावरचे कोळी बांबूचे लांब, वर चढत जाणारे सापळे तिथेच लावायचे. त्यांना ली म्हणतात. २०२० पासून त्या फाट्यावर दोन सहोंगचं धरण आहे. माशांसाठी शेजारचे हौ सदाम आणि हौ शांग फेउक हे फाटे खडक फोडून, वाट मोकळी करून दिले आहेत, आणि तिथले सापळे काढायला लावले आहेत. समुद्राकडून या देशात येणारी ही एवढीच एक वाट माणसाने बांधलेली नव्हती. नवे फाटे त्या माशांना पुरतात का, हे जूनमध्ये पाणी चढताना तिथे उभं राहून दरवर्षी मोजत राहावं लागेल, आणि जे ते मोजतात त्यांच्या आकड्यांकडे धरणं बांधणाऱ्यांनी लक्ष द्यावं.